जुनी ओम्नी नागपुरात पुन्हा उभी करताना: गंजापासून रामटेकपर्यंत

माझी ओम्नी मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका केटररकडून घेतली. १९९९ची, पांढरी, मागच्या सीटा काढलेली. तर्रीचा वास पत्र्यात इतका मुरला होता की पहिला उन्हाळा सरेपर्यंत तो गेला नाही. गाडी दारात उभी केली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "पैसे घालायचेच होते तर पद्मिनी तरी घ्यायची होती."

काकांसारखंच बहुतेकांना वाटतं. जुन्या गाडीचा शौक म्हणजे पद्मिनी, अँबेसिडर, कॉन्टेसा नाहीतर जीप. ओम्नीकडे कुणी त्या नजरेनं बघत नाही, कारण ती शाळेची व्हॅन होती, अँब्युलन्स होती, भाजी आणि मंडपाचं सामान वाहणारी होती. पण मला ती आवडते ती याच कारणानं. मारुतीनं ही व्हॅन १९८४ साली बाजारात आणली, पुढे तिला ओम्नी नाव मिळालं, आणि नवे सुरक्षा नियम आले तेव्हा २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पस्तीस वर्षं ७९६ सीसीचं तेच तीन सिलिंडरचं इंजिन, समोरच्या सीटखाली. ताकद मागच्या चाकांना, मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), बाजूला सरकणारी दारं. देशातल्या कुठल्याही गावात तिचा एक तरी जाणकार मिस्त्री सापडतो आणि पार्ट मिळतात. आपल्या हातानं गाडी शिकायची असेल तर याहून चांगली पाटी नाही.

खाली जो क्रम दिला आहे तो मी दोन जुन्या व्हॅन दुरुस्त करून पुन्हा उभ्या करताना शिकलो: एक माझी, एक मित्राची. पहिल्या वेळी क्रम उलटा झाला होता आणि आत बसवलेलं सगळं पुन्हा उपसावं लागलं. म्हणून क्रमाबद्दल मी आग्रही आहे.

कागद बघितल्याशिवाय गाडी बघू नका

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवता येते; अर्ज फॉर्म २५ वर होतो. १५ वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते असं अनेकांना वाटतं. दिल्ली परिसरातल्या बंदीच्या बातम्या ऐकून तो समज पसरला आहे. नागपुरात तपासणीत पास झालेली जुनी पेट्रोल गाडी चालवता येते. मात्र खर्च धरून चला: २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती १०,००० केली गेली, आणि त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. आरसीची मुदत संपलेली गाडी स्वस्त वाटते ती याचमुळे. नूतनीकरण विकणाऱ्यानं करून द्यावं आणि मगच सौदा व्हावा, हे मी आता अटीसारखं धरतो.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि पत्र्यावरचा नंबर स्वतः जुळवा. कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप उमटतो. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मागा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडी नागपूरचे एमएच ३१, एमएच ४९ किंवा एमएच ४० सोडून दुसऱ्या कार्यालयाची असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८. थकलेली चलनं ऑनलाइन बघून घ्या. जुन्या गाडीला आता हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागते.

ओम्नीच्या बाबतीत दोन गोष्टी खास बघायच्या. ती कधी पिवळ्या पाटीची होती का? टॅक्सी किंवा शाळेची व्हॅन म्हणून नोंदलेली असेल तर खासगीत बदलून घेण्याचं काम वेगळं असतं. आणि तिला गॅस किट होतं का? किट आरसीवर चढवलेलं असेल तर टाकीची चाचणी वेळेवर झाली का ते बघा. आरसीवर नसेल, पण मागच्या फ्लोअरला गोल भोकं आणि रबरी नळीच्या खुणा दिसल्या, तर कधीतरी घरगुती सिलिंडरवर ती चालली आहे. अशी गाडी मी घेत नाही. गॅसवर वर्षानुवर्षं ओढलेल्या इंजिनच्या व्हॉल्व्ह सीट बसलेल्या असतात, आणि कुणाच्या तरी हातची जोडलेली नळी अजूनही कुठे लोंबत असेल हे सांगता येत नाही.

चुंबक, टॉर्च आणि जुनी सतरंजी

गाडी बघायला सकाळी जा. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळे दोष लपवतं.

सतरंजी टाकून गाडीखाली झोपा. फ्रीजला चिकटवायचं चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. ओम्नी सडते त्या जागा ठरलेल्या आहेत: सरकत्या दाराची खालची रूळपट्टी, समोरच्या मॅटखालचं फ्लोअर, चाकांच्या कमानी, पायरीचा आतला भाग, मागच्या दाराची खालची कड, समोरच्या काचेच्या रबराखालची चौकट आणि छताची पन्हाळ. दारांचा आणि कमानींचा गंज दुरुस्त होतो. पाटे जिथे चेसिसला अडकवलेले असतात तिथला पत्रा स्क्रू ड्रायव्हरनं टोचल्यावर आत जात असेल, तर हात जोडून परत या.

नागपुरात आणखी एक तपासणी करावीच लागते. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि खालच्या वस्त्यांमध्ये कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. त्यातल्या काही पुसूनपासून बाजारात आल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. तळाशी मातीची रेघ दिसते का बघा. फ्यूजच्या डबीत हिरवट बुरशी, हेडलाइटच्या आत डाग, सीटच्या स्प्रिंगला एकसारखा गंज ही सगळी तीच गोष्ट सांगतात.

मग इंजिन सुरू करा. पहिल्या क्षणाचा निळा धूर म्हणजे व्हॉल्व्ह सील झिजलेले. चालताना सतत निळा म्हणजे रिंग-पिस्टन. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाची साय असेल तर हेड गॅसकेट गेलेलं. तिसऱ्या गियरमध्ये सेमिनरी हिल्सचा चढ चढवून बघा: क्लच घसरत असेल तर आवाज वाढतो, वेग वाढत नाही.

गाडीला जेवढे पैसे द्याल तेवढेच कामासाठी बाजूला हवेत. ते नसतील तर थांबा आणि साठवा.

पत्रा

बहुतेक जण इंजिनपासून सुरुवात करतात. मी पत्र्यापासून करतो, कारण वेल्डिंगच्या वेळी आतलं सगळं बाहेर काढावं लागतं, आणि पत्रा हाताबाहेर गेलेला निघाला तर इंजिनवर झालेला खर्च पाण्यात जातो.

सीटा, मॅट, दारांचे पुठ्ठे, छताचं कापड, सगळं काढा. काढताना प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव. फोटो भरपूर घ्या. बॅटरीची वायर सोडा. टाकीजवळ वेल्डिंगचा टाका मारायचा असेल तर टाकी उतरवा, नुसती रिकामी करून भागत नाही. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट.

गंज घासून त्यावर लांबी भरणं म्हणजे एक पावसाळा विकत घेणं. गंजका भाग चमकता पत्रा लागेपर्यंत कापायचा, साधारण २० गेजचा तुकडा पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापून बसवायचा आणि टाके दूर दूर, आलटून पालटून मारायचे म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. मग झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, आणि पोकळ भागांत आतून मेणासारखा गंजरोधक फवारा. खालून काळं कोटिंग सगळ्यात शेवटी. गंजावरच कोटिंग मारलं तर ओल आत अडकते आणि पत्रा आतून खात जातो. वरून मात्र गाडी नवी दिसते. दारांच्या आणि पायरीच्या तळाशी पाणी वाहून जायला कारखान्यातून भोकं असतात. ती माती आणि रंगानं बुजलेली असतात. तारेनं मोकळी करा. अर्ध्या गाड्या या बुजलेल्या भोकांनीच सडवल्या आहेत.

रंगाचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात दमट हवेनं रंगावर पांढुरकी साय येते, आणि मे महिन्यात थिनर पत्र्यावर पोचायच्या आत उडतो. मूळ रंगच द्या. रंग बदलायचा असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते.

ब्रेक, आणि एका मिस्त्रीचं म्हणणं

माझी गाडी ज्यांच्याकडे होती ते मिस्त्री कमी बोलायचे. मी स्पीकरची चौकशी करत होतो तेव्हा त्यांनी पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, लोकं आधी म्युझिक लावते, मंग ब्रेक पाहते. तुमी तसं नका करू." मी तेव्हापासून तसं करत नाही.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचे ब्रेक वरवर ठीक लागतात. मास्टर सिलिंडरचं आणि मागच्या व्हील सिलिंडरचं रबर मात्र कडक झालेलं असतं. किट बदला, आणि सिलिंडरच्या आत ओरखडे असतील तर सिलिंडरच नवे घ्या. समोरचे रबरी होज बाहेरून चांगले दिसले तरी बदला. आतून फुगून ते तेल जाऊ देतात, परत येऊ देत नाहीत, आणि चाक धरून राहतं. ब्रेक तेल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावं. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. हँडब्रेक सेमिनरी हिल्सच्या चढावर गाडी धरतो का, ते बघून मगच पुढे.

याच वेळी स्टिअरिंगचा खेळ, बॉल जॉइंट, शॉकअप, पाट्यांचे बुश आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (त्याचे सांधे) तपासून घ्या. गाडी सुटताना खालून "टक्" आवाज येत असेल तर तो क्रॉसचा.

ओम्नीत चालवणारा अगदी समोर बसतो. त्याच्या गुडघ्यांपुढे पत्रा आहे, इंजिन नाही, एअरबॅग नाही. उत्पादन थांबायला तेच कारण होतं. म्हणून ही गाडी मी वेगासाठी कधीच तयार करणार नाही. इंजिनाची ताकद वाढवण्याचे सल्ले भरपूर मिळतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा, आणि तेच पैसे टायर व समोरच्या चांगल्या तीन टोकांच्या बेल्टवर घाला.

नागपूरचा उन्हाळा: खरं मॉडिफिकेशन इथे आहे

पारा ४५च्या वर जातो त्या शहरात, सीटखाली इंजिन असलेली, चपट्या पत्र्याच्या छताची गाडी. ती मे महिन्यात वापरण्याजोगी करणं हे या शौकातलं सर्वांत समाधानाचं काम, आणि ते जवळजवळ सगळं घरी करता येतं.

आधी इंजिन थंड ठेवा. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते कूलरच्या जाळीवर एका मोसमात दिसतं. तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांतून सळई फिरवून सफाई) करून घ्या, नळ्या फारच बुजल्या असतील तर नवा बसवा. सगळे होज, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटरचं झाकण नवं. झाकण स्वस्त असतं म्हणून लोक विसरतात, पण दाब तेच धरतं आणि दाबामुळेच पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. इथे पाणी गोठत नाही म्हणून कूलंटची गरज नाही, असं सांगणारे भेटतात. कूलंट गंज आणि क्षार रोखतं, उकळण्याचं तापमान वाढवतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून ठेवणारा व्हॉल्व्ह, काढून टाकायची पद्धत आहे. तसं करू नका. थर्मोस्टॅट बिघडलेला असेल तर भांड्यात पाणी तापवून, त्यात सोडून, उघडतो का ते बघा आणि नाही उघडला तर नवा घाला. तो नसला तर डिसेंबरच्या सकाळी इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि तेलात ओल साठते.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कुणाला माहीत नसेल तर तो बदला, त्याबरोबर वॉटर पंपही. ते सामान उघडलेलंच असतं, मजुरी एकदाच लागते.

आता आतली उष्णता. इंजिनावरच्या झाकणाच्या कडेला रबराची पट्टी असते आणि खालून नमद्यासारखा थर. पंचवीस वर्षांत दोन्ही गळून गेलेले असतात. गरम हवा, पेट्रोलचा वास आणि आवाज तिथूनच आत येतो. नवी पट्टी बसवली आणि झाकणाला आतून उष्णतारोधक पत्रा-लोकरीचा थर दिला, तर एका दुपारच्या कामात गाडी ओळखू येत नाही. फोम वापरू नका, तो पेटतो. आणि थर कुठल्याही पट्ट्याला किंवा लिव्हरला घासत नाही ना हे इंजिन चालू ठेवून बघा.

छतासाठी: कापड काढलेलंच आहे. पत्रा थिनरनं पुसा, मधल्या मोठ्या चौकोनांत आवाज मारणारी ब्युटिल शीट जागोजागी लावा, सगळीकडे नको, वजन वाढतं. त्यावर एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबरचा १० मिलिमीटरचा शीट चिकटवा. हा पाणी शोषत नाही. थर्माकोल आणि गादीचा स्पंज टाळा. पावसाळ्यात ओल धरून छत आतून सडवतात. दारांमध्येही लावता येतो, पण तळाची भोकं उघडी ठेवा आणि काच खाली येण्याची जागा सोडा. मित्राच्या गाडीत मी ही जागा सोडायला विसरलो होतो. पुठ्ठा पुन्हा उघडून शीट कापावी लागली.

काचांवर काळी फिल्म नको; सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालानंतर ती पोलिसांच्या नजरेत लगेच येते. गाडी उभी असताना लावायला प्रत्येक काचेच्या मापाचे चंदेरी पडदे शिवून घ्या, चूषक लावून. गाडी हलवण्याआधी ते काढायचे. एक लहान १२ व्होल्टचा पंखा मागच्या बाजूला, आतली हवा बाहेर टाकणारा. या इंजिनावर बाहेरून एसी बसवायचा मोह होतो. मी बसवलेला नाही आणि सांगणारही नाही: ७९६ सीसीतून तो उचलला जातो तेव्हा चढावर इंजिन दमतं आणि जेमतेम सावरलेलं तापमान पुन्हा वर जातं.

पेट्रोलची वाट

कार्ब्युरेटरची ओम्नी मे महिन्यात सिग्नलला बंद पडली आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकली. इंजिनजवळच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवून वेळ निभावते, पण कायमचा उपाय म्हणजे पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब नेणं, तिला उष्णतारोधक बाही चढवणं, आणि पंप व इंजिनच्या मधला जाड उष्णतारोधक तुकडा जागेवर आहे याची खात्री करणं. मिस्त्री घाईत तो तुकडा काढून ठेवतात आणि गॅसकेट लावून मोकळे होतात.

दुसरा प्रश्न इथेनॉलचा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९०च्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, चिरतं. इंजिन सीटखाली आहे हे लक्षात ठेवा आणि टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला. नळीवर एसएई जे३० आर९ छापलेलं बघून घ्या, मोजून मिळणारी साधी नळी नको. पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किट नवं. इथेनॉल टाकीतला जुना गंजही सोडवतं, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा लागतो. आणि गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. हे पेट्रोल पाणी ओढतं.

इंजिनाचं बाकीचं काम साधं आहे: टॅपेट, पॉइंट असतील तर त्यांची गॅप, प्लग, टायमिंग, कार्ब्युरेटर साफ. हे एका रविवारी शिकता येतं, आणि शिकावं.

चाकं

मूळ टायर १४५ आर १२ आहे, म्हणजे १४५ मिलिमीटर रुंद, १२ इंची चाकाचा. १३ इंची चाकं लावायची इच्छा बहुतेकांना होते, म्हणून हिशोब देतो. ज्या टायरवर उंचीची टक्केवारी नसते तिथे ती सुमारे ८२ धरतात. १४५च्या ८२ टक्के म्हणजे ११९ मिलिमीटर. दोन्ही बाजू मिळून २३८, अधिक १२ इंचांचे ३०५, एकूण ५४३. आता १६५/६५ आर १३: बाजू १०७, दोन मिळून २१४, अधिक ३३०, एकूण ५४४. व्यास जुळतो, म्हणजे स्पीडोमीटर आणि गियर बिघडत नाहीत. पण एवढ्यानं भागत नाही. ओम्नीचे मूळ टायर माल वाहायला बनवलेले, जाड बाजूचे असतात. नव्या टायरवरचा लोड इंडेक्स जुन्यापेक्षा कमी असता कामा नये. उदाहरणार्थ ७७ म्हणजे एका टायरला ४१२ किलो. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवून, मागे चार माणसं बसवून, टायर कमानीला घासतो का ते बघायचं. मी हा सगळा हिशोब करून शेवटी १२ इंचीच ठेवले, आणि नवे घेतले. गाडी उंच आणि अरुंद आहे. वर्धा रोडवर ट्रक शेजारून गेला की ती हलते. उंची वाढवणारे तुकडे या गाडीला कधीही नको.

टायर कितीही जाड दिसो, बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष.

दिवे

जुन्या ओम्नीचे हेडलाइट पिवळट आणि मंद असतात आणि सगळे एलईडी शोधतात. आधी मल्टीमीटर घ्या. इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचा व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या होल्डरवरचा. जुन्या वायरिंगमध्ये आणि स्विचमध्ये व्होल्टेज हरवतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटला की हॅलोजनचा प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. उपाय असा: बॅटरीपासून जाड वायर, जवळच फ्यूज, हाय आणि लोसाठी दोन रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारे स्विच), जुना स्विच फक्त रिले चालवायला. मूळ ६०/५५ वॉटचाच बल्ब ठेवूनही दिवा उजळतो, स्विचही जळत नाही. हॅलोजनच्या वाटीत एलईडी बल्ब टाकला तर प्रकाश विखुरतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आतल्या पंख्या-दिव्यांसाठी दुसरी बॅटरी ठेवायची असेल तर हिशोब सोपा. पंखा दीड अँपिअर, दिवे अर्धा, मिळून दोन. ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीतलं अर्धंच वापरायचं, म्हणजे २०. दहा तास, एक रात्र. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये आयसोलेटर (एक उतरली तरी दुसरी वाचवणारा), आणि प्रत्येक वायरला बॅटरीजवळच फ्यूज. जुन्या वायरला टेप गुंडाळून नवी जोडणं या गाडीत आग लागण्याचं पहिलं कारण ठरू शकतं.

आत काय बसवावं, आणि कायदा कुठे थांबवतो

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडी आरसीवरच्या आणि कंपनीच्या मूळ तपशिलापासून बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं. २०१९च्या सुधारणेनंतर परवानगी न घेता केलेल्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकते. इंजिन, बॉडीचा आकार, आसनसंख्या, रंग, इंधन यांना परवानगीशिवाय हात लावू नका. समोरचा बुल बारही डिसेंबर २०१७ पासून मना आहे, आणि तो नसलेलाच बरा.

उरतं तेही पुष्कळ आहे. माझा एकच नियम आहे: जे बसवाल ते एका तासात, मूळ बोल्ट खोलून, मागे खूण न ठेवता निघालं पाहिजे. माझ्या गाडीत सीट मूळ जागी परत बसवल्या आहेत. मुक्कामाला जाताना मागची सीट घडी करून त्यावर १२ मिलिमीटर प्लायची तीन फळ्यांची पेटी येते, झोपायला. माप टेपनं घेऊ नका, ओम्नीच्या आत काहीच काटकोनात नाही. पुठ्ठ्याचा साचा करा, दोनदा बसवून बघा, मग प्लाय कापा. पेटीत जड सामान खाली आणि मध्ये. सरकतं दार आतून उघडतंच, हे अंधारात एकदा करून बघा. रॉकेल किंवा गॅसचा स्टोव्ह गाडीच्या आत पेटवायचा नाही, थंडीतही नाही.

रामटेक

पहिले २० किलोमीटर रिंग रोडवर, टूलबॉक्स आणि पाण्याचा कॅन घेऊन. परत आल्यावर प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न्या. एकच जास्त तापलेला असेल तर तिथला ब्रेक धरतो आहे. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग बघा: काळा-चिकट म्हणजे इंजिन ऑईल, उग्र वासाचं जाड म्हणजे गियर किंवा डिफरन्शियलचं, हिरवं, गोडसर वासाचं म्हणजे कूलंट, चाकाजवळचं पातळ आणि फिकट म्हणजे ब्रेक तेल. शेवटचं दिसलं तर गाडी हलवायची नाही.

चाकांचे नट आणि पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

मग रामटेक. साधारण ५० किलोमीटर, कामठी, कन्हान, मनसरवरून. सकाळी सहाला निघा. ताशी ६०च्या आसपास एकसारखं चाला आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. मनसरला थांबून रेडिएटरचे होज, पेट्रोलच्या नळीचे सांधे बघा. गडमंदिराच्या चढावर दुसऱ्या गियरमध्ये काटा किती वर जातो आणि वर पोचून पाच मिनिटांत किती खाली येतो, हे वहीत लिहा. पहिल्या खेपेला माझा काटा चढावर पाऊण घर सरकला आणि पंखा सुरू होताच परत आला. उतरताना ब्रेकवर न राहता दुसराच गियर ठेवा.

परतीला कन्हानच्या पुलाअलीकडे पेट्रोल भरा, लिटर आणि किलोमीटर त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी मेमध्ये पुन्हा तोच रस्ता, तीच वेळ, आणि तो आकडा आधीच्या शेजारी.